पट्टा नंतर, आधी दहा पावलं चालून दाखवा

"शेठ, गुडघ्याचा पट्टा द्या एक. मोठा."

"कोणाला?"

"आईला. लई दुखायलेत गुडघे तिचे. गॅप गेलीय म्हणतेत."

"आई कुठंय?"

"घरी. गाडीवर बसता येईना तिला."

अंबाजोगाईत माझं सर्जिकलचं दुकान आहे. कुबड्या, वॉकर, कमरेचे पट्टे, कमोडची खुर्ची, असला सगळा माल. वरचं बोलणं माझ्या काउंटरवर इतक्यांदा झालंय की पोरगा पायरी चढतानाच मला कळतं, काय मागणार ते. मोटारसायकल बाहेर चालूच असते. 'मोठा' म्हणजे आई अंगानं जाड आहे, एवढाच त्याचा हिशेब. पूर्वी मी मुकाट्यानं एक्सएल काढून द्यायचो, पैसे गल्ल्यात टाकायचो. आता देत नाही. आईला घेऊन ये म्हणतो. आणता येत नसेल तर तिच्या चालण्याचा व्हिडिओ काढून आण, दहा पावलं समोरून, दहा पावलं मागून, लुगडं गुडघ्याच्या वर धरून. काही जण वैतागून पुढच्या मेडिकलात जातात. जाऊ देत.

पट्टा गुडघ्याला बांधायचा असला तरी घ्यायचा असतो चालण्यासाठी. तो बांधून माणूस बरा चालला तर कामाचा. बाजेवर बसून "हां, आवळ वाटतंय, बरं वाटतंय" म्हणून काहीच कळत नाही. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्याच आईच्या मनगटावर शिकलोय, ते पुढे सांगतो.

आधी पट्ट्याचे प्रकार, कारण लोक तिन्हीला एकच नाव देतात.

पहिला म्हणजे ओढून घालायचा मोजा, ज्याला सगळे नी कॅप म्हणतात. दोन-चारशे रुपयांत मिळतो. याच्यानं हाड सरकत नाही, झिजून कमी झालेली सांध्यातली 'गॅप' भरत नाही, आणि 'वंगण' तर अजिबात वाढत नाही. मग करतो काय? गुडघा उबदार ठेवतो, आणि चामडीला सतत धरून राहतो. डोळे मिटले तरी आपला गुडघा किती वाकलाय हे आपल्याला कळतं ना, ती जाण वयाबरोबर आणि सांधा झिजला की बोथट होते. मोज्याचा दाब त्या जाणिवेला थोडी मदत करतो. पाय टाकताना माणूस कमी कचरतो. दुखणंही थोडं कमी होतं. थोडंच, आणि सगळ्यांना सारखं नाही.

दुसरा दोन्ही बाजूंनी पट्ट्या आणि बिजागरी असलेला. गुडघा डावीकडे-उजवीकडे डगमगत असेल, "पाय एकदम दगा देतो" असं म्हणणारा माणूस असेल, तर हा. तिसरा महागडा, काही हजारांचा, ज्याला डॉक्टर ऑफलोडर म्हणतात. आपल्याकडे बहुतेकांचा गुडघा आतल्या बाजूनं झिजतो आणि पाय फेंगडे होतात. हा पट्टा मांडी, गुडघा आणि पोटरी अशा तीन ठिकाणी रेटा देऊन भार आतल्या बाजूकडून जरासा बाहेर ढकलतो. तो माप घेऊन, डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायची वस्तू आहे. मोबाइलवरून मागवलेले दोन ऑफलोडर माझ्याकडे दुरुस्तीला आले होते. दोन्ही उलट्या पायाचे. उजव्याला डाव्याचा. रेटा नेमका नको त्या बाजूला.

आता आईचं.

आईचं आयुष्य केजकडच्या कोरडवाहू रानात खुरपणीत गेलं. उकिडवं बसून सरी धरायची ती दिवस मावळेपर्यंत. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं तर विचारूच नका, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, सहा-सहा महिने. उकिडवं बसणं आणि ओझं उचलणं या दोन गोष्टी गुडघा झिजवतात, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी आमच्या गल्लीतल्या बायांना ठाऊक होतं. तर आई बहात्तर वर्षांची असताना उजवा गुडघा फार धरला. पोरगा सर्जिकलवाला. मग काय, कपाटातला सगळ्यात महाग बिजागरीचा पट्टा उचलला आणि घरी नेऊन बांधला. माप घेतलं नाही. आपल्याच आईचं काय माप घ्यायचं!

तिसऱ्या दिवशी माजघरातून स्वयंपाकघरात जाताना उजव्या पायाचा अंगठा उंबऱ्याला अडकला. आई डाव्या हातावर पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

त्या रात्री मी तो पट्टा हातात घेऊन बसलो. एक साइज मोठा होता, त्यामुळे चालता चालता खाली घसरायचा. बिजागरी गुडघ्याच्या रेषेपासून चांगली दोन बोटं खाली आलेली. गुडघा एका जागी वाकू पाहतोय आणि बिजागरी दुसऱ्या जागी, मग दोन्ही अडणारच. सपाट जमिनीवर चालताना, पाय उचलून पुढे टाकायच्या वेळी, गुडघा साधारण ६० अंश वाकावा लागतो. तेवढा वाकला तरच पंजा जमिनीवरून सुटतो. आईचा गुडघा पट्ट्यात वाकतच नव्हता. ती पाय बाहेरून अर्धा गोल फिरवून टाकत होती. तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर. "नवा आहे, होईल सवय," असं मी म्हणत होतो.

म्हणून आता दुकानात आधी चालणं बघतो. तुम्हीही घरी बघू शकता. यात डॉक्टरकी काही नाही.

सगळ्यात आधी ऐका. आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत शहाबादी फरशी आहे. चप्पल घालून चालायला लावा आणि पाठ फिरवून उभे राहा. निरोगी चाल टप-टप-टप अशी येते. दुखरा पाय असेल तर टप्‌... टप, टप्‌... टप. दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ उभा राहतो, पटकन दुसरा टाकून मोकळा होतो. दोन आवाजांतलं अंतर जितकं विषम, तितकं लंगडणं जास्त. हा आवाज लक्षात ठेवा, किंवा मोबाइलवर रेकॉर्ड करा. पट्टा घातल्यावर तोच आवाज परत ऐकायचाय.

मग समोरून बघा. पाऊल टेकलं, अंगाचा भार आला, की गुडघा बाहेरच्या बाजूला फेकला जातो का? धनुष्य ताणल्यासारखा? असं होत असेल तर साधा मोजा त्याला अडवू शकत नाही, पैसे वाया घालवू नका. हाडांच्या डॉक्टरकडे जा. बाजूनं बघा, टाच टेकताना गुडघा सरळ होतोय का. कायमचा थोडा वाकलेलाच राहत असेल तर कुठलाच पट्टा त्याला ओढून सरळ करणार नाही, आणि करायचा प्रयत्नही करू नये. आणि हात बघा. भिंत धरत, सुनेचा खांदा धरत, दाराची चौकट धरत चालणाऱ्या माणसाला पट्ट्याच्या आधी काठी लागते.

यानंतर घड्याळ. पाठीला आधार असलेली खुर्ची ठेवा, तिथून तीन मीटरवर खडूनं रेघ मारा. साधारण दहा फूट. माणसानं खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 'चला' म्हटल्यापासून पाठ टेकेपर्यंत मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ धरा. काठी वापरत असतील तर काठी घेऊनच. शेजारी एक धडधाकट माणूस चालत राहू द्या, ही शर्यत नाही. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. जगभर दवाखान्यांत हीच चाचणी करतात आणि तिला खर्च शून्य.

एकदा सवयीसाठी, मग दोनदा पट्ट्याशिवाय, थोडं दम खाऊन दोनदा पट्टा घालून. वेळ कमी झाली, किंवा वेळ तीच राहिली पण फरशीवरचा आवाज सारखा झाला, तर पट्टा घ्या. वेळ वाढली, पाय बाहेरून फिरायला लागला, पंजा घासायला लागला, तर कितीही भारी कंपनीचा असो, परत डब्यात घाला.

दुखणं किती, हेही विचारावं लागतं. 'दहापैकी किती' हे आमच्या म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. मी आण्यात विचारतो. "आज्जी, सोळा आण्यातलं किती आणे दुखतंय?" लगेच उत्तर येतं. "बिनपट्ट्याचं बारा आणे, पट्ट्यानं नऊ आणे बग." धारूरकडच्या एका आजोबांनी तर मला "सव्वाअकरा आणे" असंही सांगितलंय. इतका बारीक हिशेब मलाही गल्ल्यात जमत नाही.

माप. टेप उघड्या चामडीवर, धोतरावरून किंवा पायजम्यावरून नाही. गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध एक घेर, मग डब्यावर जितकं अंतर लिहिलंय तितकं वर मांडीला एक आणि खाली पोटरीला एक. प्रत्येक कंपनीचं अंतर वेगळं असतं, म्हणून एका कंपनीचा 'एल' दुसऱ्याचा 'एम' निघतो. उभं राहून की बसून, तेही डब्यावर असतं. दोन्ही पाय वेगळे मोजा, कारण सुजलेला गुडघा आणि चांगला गुडघा यांत चक्क एका साइजचा फरक निघतो. सूज संध्याकाळी चढत असेल तर संध्याकाळीही मोजा आणि मोठं माप धरा. टेप टेकवायची, आवळायची नाही.

बायांची मांडी जाड आणि पोटरी बारीक असेल तर ओढायचा मोजा हमखास खाली गुंडाळत येतो आणि गुडघ्यामागे त्याची दोरी होते. अशांना गुंडाळून वेल्क्रोनं लावायचा प्रकार द्या. बोटं वाकडी झालेल्यांनाही तोच, कारण घट्ट मोजा ओढायला बोटांत ताकद लागते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दुकानातच सांगायचं, "आता तुम्ही स्वतः घालून दाखवा." घालता आला नाही तर तो घरी खुंटीवर लटकणार, लिहून देतो.

आणि वेल्क्रोचं एक सांगितलंच पाहिजे, कारण हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. नऊवारीचा काठ आणि वेल्क्रोचा काटेरी भाग यांचं वैर आहे. दोन दिवसांत लुगड्याचे धागे ओढून ठेवतो आणि आज्जी पट्टा फेकून देते. गुडघा तसाच दुखतोय, पण लुगडं महत्त्वाचं, आणि तिचं बरोबरच आहे. उपाय सोपा. वेल्क्रोचं टोक पूर्ण दाबून बसलंय का बघा, उरलेली जीभ कातरीनं गोल कापा, आणि वरून जुन्या मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी चढवा.

घालताना जमिनीवर बसून घालू नका. खुर्चीच्या कडेला बसा, गुडघा थोडासा वाकलेला, टाच जमिनीवर. भोक असलेला पट्टा असेल तर वाटी बरोबर त्या खिडकीत आली पाहिजे. बिजागरी असेल तर तिचा मधला खिळा वाटीच्या मध्याच्या रेषेत, दोन्ही बाजूंनी. पट्टे खालून वर लावायचे. आधी पोटरीचा, मग मांडीचा. खालचा नीट बसला तर वरचा पट्टा पाय धरून राहतो. उलटं केलं की सगळा साज घसरतो. मग उभं राहून चार पावलं चाला आणि परत एकदा नीट करा, कारण उभं राहिलं की मांडीचा आकार बदलतो.

किती आवळायचं? पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जावीत. जास्त आवळलं की जास्त आधार, ही समजूत काढून टाका.

आता हात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला न्या. वाटीच्या थोडं खाली एक हाडाचं टेंगूळ लागेल. त्याच्या अगदी मागून, चामडीच्या जवळून एक मज्जातंतूची शीर जाते, पायाचा पंजा वर उचलणारी. खालचा पट्टा नेमका तिच्यावर करकचून बसला तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, बधिर होतं, आणि पुढे पंजा उचलता येत नाही, लोंबतो. म्हणजे पडू नये म्हणून घातलेला पट्टा माणसाला पाडतो. टेंगळावर बोट ठेवून बघा, पट्टा त्याच्यावर किंवा त्याच्या लगेच खाली करकचून बसत नाही ना. पंधरा मिनिटांनी पाऊल बघा. गार पडलं, निळसर झालं, सुजलं, मुंग्या आल्या, तर लगेच काढा.

साखरेचा त्रास असलेल्यांना तर बऱ्याचदा मुंग्या कळतच नाहीत. त्यांच्या घरच्यांनी डोळ्यांनी बघायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासानं पट्टा काढा आणि चामडी तपासा. लालसर वळ वीस-तीस मिनिटांत गेला पाहिजे. नाही गेला तर साइज किंवा जागा चुकली.

पहिल्या आठवड्यात दिवसाला तास-दोन तास पुरे. पहाटे फिरायला जाताना, बाजारात, लग्नात, देवळात. घरी आल्यावर, बसल्यावर काढायचा. रात्री झोपताना तर नकोच, डॉक्टरनं मुद्दाम सांगितलं असेल तरच. दिवसभर बांधून ओट्यावर बसून राहणारे आबा मी पाहिलेत. विचारलं तर म्हणतात, "पैशे दिलेत, घालाव की." पट्टा काय दागिना आहे?

बिजागरीचा पट्टा घालून उकिडवं बसता येत नाही, म्हणजे आपल्या जुन्या पद्धतीच्या संडासातही नाही. हा प्रश्न लाजेखातर कोणी विचारत नाही आणि मग पहाटे अंधारात पंचाईत होते. मीच विचारतो. कमोडची खुर्ची घ्या, किंवा पट्टा काढून जायची सवय लावा आणि भिंतीला धरायला दांडा ठोका. जेवायला पाटावर बसणंही सोडा. खुर्चीवर बसून जेवल्यानं अन्नाचा अपमान होत नाही, हे मी माझ्या आईला आठ महिने समजावत होतो.

उन्हाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, आणि रबरासारख्या जाड कापडाचा मोजा त्यात म्हणजे शिक्षाच. घाम, घामोळ्या, खाज, मग चामडी सोलते. उन्हाळ्यात सुती-इलॅस्टिकचा पातळ मोजा वापरा आणि चालायची वेळ पहाटेची ठेवा. पायजम्यावरून घालायचा विचार करू नका, घसरतो.

आता काठीबद्दल, कारण खरं सांगायचं तर माझ्या दुकानातली सगळ्यात गुणी वस्तू तीच आहे आणि तिच्यात मला नफा सगळ्यात कमी. दुखरा गुडघा उजवा असेल तर काठी डाव्या हातात. दर वेळी समोरचा हसतो. "उलटंच सांगायलास की!" चालून दाखवा म्हणतो. डावा हात आणि उजवा पाय एकदम पुढे जातात, चालताना आपले हात-पाय तसेच हलतात, म्हणून त्या बाजूची काठी दुखऱ्या पायावरचा भार वाटून घेते. उंची मोजायला चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात मोकळा सोडायचा. मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ आली पाहिजे, कोपर जरा वाकलेलं राहतं. घरातली वाडवडिलांची बांबूची काठी जवळजवळ नेहमीच उंच असते. करवतीनं कापा, खाली रबर लावा. रबर गुळगुळीत झालं की बदला, दहा-वीस रुपयांची गोष्ट.

पायऱ्यांचं गणित. कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून मोजमाप झालेलं आहे. सपाट चालताना दर पावलाला गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. पायऱ्या चढताना तिप्पट. आणि उतरताना जवळजवळ साडेतीनपट. लोक चढायला घाबरतात, गुडघा उतरताना बोंबलतो. तुळजापूरला गेलात तर हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. तिथं आधी उतरायचं असतं, दर्शन झालं की चढायचं. परळीला वैजनाथाच्या पायऱ्या रुंद आहेत, एका पायरीवर दोन्ही पाय मावतात, तिथं जमतं. पद्धत एकच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी, दर पायरीला दोन्ही पाय टेकवून. देवळाला जाताना पट्टा घालाच, तिथं तो पैसे वसूल करतो. आषाढीच्या आधी वारकरी येतात दुकानात, त्यांना मी एकच सांगतो, नवा पट्टा घालून वारीला निघू नका. महिनाभर आधी घ्या, गावात रोज चालून बघा.

माझा भाचा नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. त्याच्याशी माझं या विषयावर कायम वाजतं. एकदा त्यानं दोन परदेशी मार्गदर्शिका वाचून दाखवल्या. अमेरिकेतल्या सांधेविकार तज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची, त्यात झिजलेल्या गुडघ्यामुळे चालणं किंवा सांध्याची स्थिरता फार बिघडली असेल किंवा दुखणं फार असेल तर गुडघ्याचा पट्टा ठामपणे सुचवलाय. आणि उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२२ ची, ती म्हणते सरसकट पट्टे देऊ नका. गुडघा अस्थिर असेल किंवा भार चुकीच्या जागी पडत असेल, पट्ट्याशिवाय व्यायाम जमत नसेल किंवा लागू पडत नसेल, आणि पट्ट्यानं हालचाल सुधारेल असं दिसत असेल, तरच. भाचा म्हणाला, "मामा, दुकान बंद करा." मी म्हणालो, दोन्ही मिळून व्यायाम आणि चालणं यांचंच बोलतात, तू तेवढं शिकव, बाकीचं मी बघतो. त्यानं शिकवलेल्या तीन गोष्टी मी बिलाच्या मागे लिहून देतो.

बाजेवर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची वळी, ती मांडीच्या जोरानं खाली दाबा, पाच मोजा, सोडा. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच मोजा, हळू खाली. आणि खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, आधी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, मग उशी काढा. सुरुवात दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. व्यायामानं थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत शमलं तर चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर कमी करा. "पट्ट्यानं मांस झडतं" असं ऐकून लोक घाबरतात. चालण्यापुरता घातलेला पट्टा मांडी झडवत नाही. पट्टा आहे म्हणून व्यायाम सोडला, अंथरूण धरलं, की मांडी झडते.

वजनाचं मी फार बोलत नाही, गिऱ्हाईक दुखावतं. पण एक आकडा सांगतो. गुडघे झिजलेल्या वयस्कर माणसांवरच्या अभ्यासात दिसलंय, एक किलो वजन घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो. एवढं काम माझ्या कपाटातला कुठलाच पट्टा करत नाही.

काही जणांना मी काहीच विकत नाही, थेट स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत धाडतो. गुडघा लालभडक, गरम आणि अंगात ताप. पडल्यानंतर पायावर उभंच राहता येत नाही. गुडघा मध्येच अडकतो, ना सरळ होतो ना वाकतो. आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागलीय, तिथं शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्यावर पट्टा म्हणजे खेळच. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा न भरणारी जखम असेल तरी आधी डॉक्टर.

पैशाचं. मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, तर एकरकमी ३,००० रुपये बँक खात्यात येतात, आणि त्यातून घ्यायच्या वस्तूंच्या यादीत काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांच्यासोबत गुडघ्याचा पट्टाही आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. माझा सल्ला विचाराल तर त्या पैशात आधी काठी आणि कमोडची खुर्ची घ्या, उरले तर पट्टा.

धुणं सोपं आहे. बिजागरी काढून ठेवा, कोमट पाण्यात साध्या साबणानं हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. आमच्या पत्र्यावर मे महिन्यात वाळवलेल्या इलॅस्टिकचा आठवड्यात पापड होतो. धुताना वेल्क्रो बंद करून ठेवा, नाहीतर त्यात बादलीतला सगळा केरकचरा येऊन बसतो. मोजा हाताशिवाय गुडघ्यावर टिकेनासा झाला की तो संपला. पिन लावून घालू नका. हे लिहावं लागतंय म्हणजे बघा.

आई आता एकोणऐंशीची आहे. बिजागरीचा तो पट्टा दुकानात खिळ्याला आहे, विकायचा नाही म्हणून त्याच्यावर चिठ्ठी लावलीय. ती साधा मोजा वापरते, तोही योगेश्वरीच्या देवळात जाताना. घरी नाही. तिची तीन मीटरची वेळ पट्ट्यानं अकरा सेकंद आली, पट्ट्याशिवाय साडेअकरा. एवढ्या फरकासाठी कोण रोज ओढाताण करणार, म्हणाली. स्वयंपाकघराचा उंबरा काढायला मी गवंडी आणला होता, तिनं त्याला चहा पाजून परत पाठवला. शेवटी उंबऱ्याच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा जाड पट्टा मारला, अंधुक उजेडातही दिसतो. शुक्रवारी ती त्याच्यासमोर स्टुलावर बसून हळदीकुंकू वाहते आणि हळद पिवळ्यावर दिसत नाही म्हणून दर शुक्रवारी माझ्यावर चिडते.